गाराफांवातली कोळीण

त्या वर्षी सगळं गोवं कुठली भाषा बोलायची यावरून भांडत होतं आणि माझा नवरा कुठलीच बोलत नव्हता. आमच्या गावात, लाटंबार्शात, तिठ्यावरच्या दुकानात कोंकणीवाले एका बाकावर, मराठीवाले दुसऱ्या बाकावर. पुलाच्या कठड्यावर घोषणा, तिच्यावर चुना, चुन्यावर परत दुसऱ्यांची घोषणा. माझं माहेर पेडण्याचं. माझ्या बोलण्याला मालवणी म्हणावं, कोंकणी म्हणावं की मराठी, हे मला शाळेतही कधी कळलं नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं. मी साखर आणायला गेले की दोन्ही बाक विचारायचे, "घोव बोललो काय गो?" मी म्हणायची, "तुमचा काय ता आदी ठरवा, मगे तो बोलतलो." लोक हसायचे. घरी परतताना मला रडू यायचं.

तो खाणीवर टिपर चालवायचा. खाणीतली टाकाऊ माती एका बाजूला रचत रचत तिचा डोंगर करतात, त्याला डंप म्हणतात. आषाढात त्या डंपाचा एक कडा सुटला आणि खाली उभ्या असलेल्या त्याच्या टिपरावर आला. तो केबिनमध्येच होता. सकाळी गाडला गेला तो दुपारची जेवणं उरकल्यावर बाहेर निघाला. लोकांनी हाताने माती उपसून, काखेत दोर घालून त्याला ओढून काढला. अंगावर ओरखडा नाही, हाडं शाबूत. मी धावत पोचले तेव्हा तो एका फळीवर बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत लाल. कोणीतरी त्याला साखरपाणी पाजत होतं. मी हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं ते अशा नजरेनं, की मी त्याच्या वाटेत उभी आहे आणि मी बाजूला व्हावं.

तेव्हापासून त्याची वाचा बसली. जेवायचा, आंघोळ करायचा, बोलावलं की यायचा, आणि तोंडातून अक्षर नाही. पणजीला एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, छाती ऐकली, मला बाहेर बोलावून सांगितलं, "घसा चांगला आहे. मातीखाली अडकलेला माणूस, बंद जागेची भीती बसली असणार. दारं, खिडक्या उघड्या ठेवा. बोलेल." मी घरी येऊन दारं, जनेलं सताड उघडली. पण मी एका खोलीतलं जनेल उघडून दुसऱ्या खोलीत जावं आणि परत यावं, तर पहिलं बंद. मी म्हणायची, वारा असेल. आमच्या जनेलांना उघडी धरून ठेवणारे अडणे होते, वाऱ्याने ती बंद होण्यातली नव्हती, पण माणसाला जे म्हणायचं असतं तेच तो म्हणतो.

घरात आम्ही तिघंच. तो, मी आणि त्याची आई, जिला मी मांय म्हणायची. मांय काजूची आणि भाताची बाई. देवभोळी होती, पण देवाला घाबरण्यापेक्षा देवाशी भांडणारी. बागायतीच्या कडेला एक मोठी रोयण होती. रोयण म्हणजे वारूळ. आमच्याकडे सातेरी देवी असते ती अशी, मातीतून उगवलेली. मांय तिथे रोज सांजेला दिवा लावायची आणि त्या वर्षभर रोज तिला एकच गोष्ट विचारायची. माझंही मागणं तेच होतं. मला दुसरं काही नको होतं. त्याने मला हाक मारावी, शिवी दिली तरी चालेल, पण मला उद्देशून काहीतरी म्हणावं.

पुढच्या पावसाच्या तोंडावर तो परसाकडच्या दरडीपाशी बसायला लागला. न्हाणीसाठी ती दरड खणायला म्हणून गेला होता, पण दोनचार घाव घालून कुदळ बाजूला ठेवली आणि उकिडवा बसून राहिला. मी जाऊन पाहिलं. जांभ्याच्या मातीत एक भोक, अंगठा आणि तर्जनी जुळवावी एवढं, आणि तोंडाशी रेशमाची कड. मी म्हटलं, "उंदीर आसतलो." त्याने नाही म्हणून मान हलवली. वर्षभरात मला मिळालेलं पहिलं उत्तर ते.

सांज झाली तसं त्या भोकाच्या तोंडाशी काहीतरी आलं. आधी दोन पाय, मग आणखी दोन. भाजलेल्या कॉफीच्या रंगाचे, केसाळ, माझ्या करंगळीएवढे जाड. कोळीण होती. ती बाहेर आली नाही. नुसती तिथे बसली, आणि तिच्यासमोर हा बसला. दोघंही हलेनात. मी उभी राहून राहून कंटाळले आणि चूल पेटवायला आत गेले. भाकऱ्या झाल्या तरी दोघं तशीच होती.

मिरगाचा पाऊस जोरात लागला आणि दरडीचं पाणी त्या भोकात शिरायला लागलं. त्याने गवताची काडी आत घालून हळूहळू हलवली आणि ती चिडून बाहेर आली तशी तिच्यावर करवंटी उपडी घातली. मी शेजारी इरलं धरून उभी होते. करवंटीच्या आतून आवाज आला. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की येतो तसा, पण लांबत गेलेला. कोळ्याला आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं. मी मागे सरले. तो मात्र हसला. हो, हसला. मी रागाने आत आले, कारण ते हसू माझ्या वाट्याचं होतं.

माडीवर सासऱ्यांच्या वेळचा एक गाराफांव पडून होता. काजूची दारू साठवायची ती पोटफुगी काचेची बाटली, गळा फुटलेली. त्याने तिच्या खांद्याभोवती घासलेटात भिजवलेली सुतळी गुंडाळली, पेटवली, आणि विझता विझता ती बालदीतल्या पाण्यात बुडवली. काच सरळ रेषेत तुटली. कडा दगडावर घासल्या. वरून झाकायला माझी पिठाची चाळण घेतली, तीही न विचारता, आणि तिच्यावर पाटा जड होईल म्हणून वरवंटा ठेवला. राहायला जागा झाली. राहिली माती.

माती ही सोपी गोष्ट आहे असं मला वाटत होतं. आधी त्याने खाणीच्या वाटेवरची लाल माती भरली. कोळिणीने एका बाजूने खणलं की दुसऱ्या बाजूने ढासळायची. ती खणणं सोडून काचेवर फिरत राहिली, गोल गोल, आणि तिच्या पायांच्या टोकांचा टिकटिक आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. मग शेतातली चिकणमाती आणली. ती वाळून भेगाळली. त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. वर्षभर ज्या चेहऱ्यावर मी काही शोधत होते, त्यावर एका कोळिणीची काळजी. मी मांयला म्हटलं, "तुमच्या झिलान माका सवत हाडली. आठ पायांची." मांय हसली नाही.

तिसऱ्या खेपेला जी माती आली ती वेगळी होती. मऊ, गार, कुळथाच्या पिठासारखी बारीक, आणि मुठीत दाबली की मुठीचा आकार धरून राहणारी. दोन दिवसांत ती कोळीण काचेला चिकटून खाली गेली. काचेला लागून होतं म्हणून तिचं घर आम्हाला कापल्यासारखं दिसायचं. एक उतरती वाट, तिला रेशमाचं अस्तर, आणि तळाशी एक गोल खोली. ती माती कुठली, हे मी विचारलं नाही. विचारूनही तो सांगणार नव्हता.

गाराफांव त्याने भाताच्या कोठीशेजारच्या काळोख्या खोलीत ठेवला. बाटलीचं एक झाकण पाण्याला. एका बाजूची माती ओली, दुसरी कोरडी, म्हणजे तिला हवं तिथे बसेल. खायला झुरळं आणि टोळ, तेही रोज नाही. झुरळं मात्र आमच्या कोठीतली नाहीत. भाताला कीड लागू नये म्हणून मांय तिथे पांढरी पावडर टाकायची, आणि ती खाल्लेलं झुरळ कोळिणीच्या पोटात जाता कामा नये, म्हणून हा शेजाऱ्यांच्या गोठ्यातून झुरळं धरून आणायचा. शेजारीण मला विचारायची, "तुमका आपली झुरळां पुरत नाय?" तिला काय सांगणार.

आणि मग तो बोलायला लागला. माझ्याशी नाही.

मी भात काढायला गेले होते. खोलीचं दार ओढलेलं, आतून कुजबुज. मी थांबले. त्याचा आवाज मी वर्षभर ऐकला नव्हता, तो असा घोगरा झाला होता की क्षणभर दुसराच कोणी पुरुष आत आहे असं वाटलं. तो म्हणत होता, "भितर बरा असा मां? थंड असा मां?" मग शांतता. मग तो लांबट, तव्यावरचा आवाज. मग पुन्हा तो, समजल्यासारखा, "होय. होय तर." माझ्या हातातलं सूप खाली पडलं. आतला आवाज बंद झाला, दोन्ही आवाज. मी दार ढकललं. तो गाराफांवाच्या पलीकडे बसला होता आणि जाड काचेतून त्याचा चेहरा रुंद, पसरट दिसत होता. त्याच्या तोंडापुढे, काचेच्या आत, ती आपल्या खोलीत पाय आखडून बसली होती. मी म्हटलं, "माझ्याशी बोला." त्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा तसंच, वाट अडवल्यासारखं. मी बाहेर पडले तसं दार माझ्यामागे हळूच लागलं.

माझी बुद्धी तेव्हा दोन्हीकडे ओढायची. एकदा वाटायचं, वाचा आली ना, मग कोळिणीसाठी का येईना, उद्या आपल्याकडे वळेल. एकदा वाटायचं, ती चाळण काढावी आणि गाराफांव विहिरीत टाकावा. पण तो आता सकाळी आपणहून उठत होता, गोठ्यात जात होता, पाणी बदलत होता. जो माणूस उठतो, त्याला उठवणारी गोष्ट फेकायला माझा हात धजला नाही.

चवथ आली. गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली फळं, कंद, सुपारीचे घोस बांधतो, ती माटोळी. दुसऱ्या दिवशीच्या आरतीला मांयची टाळी एकाएकी थांबली. मी तिची नजर धरून वर पाहिलं. सुपारीच्या घोसातून एक कोळी बाहेर आला होता. आमच्या कोळिणीसारखाच केसाळ, पण शिडशिडीत, लांब पायांचा. तो माटोळीच्या कडेपर्यंत आला, पुढचे पाय हवेत उचलून काहीतरी हुंगल्यासारखं करत राहिला, मग काळोख्या खोलीच्या दिशेने वळला. रानातल्या फळांबरोबर आला असेल, मी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी एक उंबऱ्यावर होता. तिसरा बाहेरच्या भिंतीवर, बरोबर ज्या भिंतीच्या आत गाराफांव होता तिथे. त्यानंतर रोज सांज झाली की परसाकडून कोणीतरी यायचा. ते भिंतीला चिकटून बसत, भिंतीवर पाय आपटत, थांबत, पुन्हा आपटत. काही तिथेच मरत, आणि सकाळी मी त्यांची वाळकी शरीरं केरसुणीने लोटायची. भिंतीच्या बाहेर ते, आत हा, आणि मध्ये ती.

पुढे केव्हातरी एका मासिकात मी वाचलं की या जातीचे नर पावसाच्या शेवटी बिळं सोडतात, मादीच्या रेशमाच्या वासावर येतात आणि तो मोसम संपला की मरतात. वाचलं तेव्हा बरं वाटलं. पण त्या चवथीला ते मासिक आमच्या घरात नव्हतं.

हे कशामुळे येतात म्हणून मांयने सगळ्या जागा बघितल्या, जसं आपण घरात काही जळल्याचा वास आला की बघतो. शेवटी ती दिवा लावायला रोयणीकडे गेली आणि दिवा न लावताच परतली. रोयणीच्या मागच्या अंगाला, जिथे सहसा कोणी जात नाही, तिथे एक कप्पा खोऱ्याने कापून काढलेला होता. तिने काळोख्या खोलीत जाऊन गाराफांवाच्या काचेवर हात ठेवला. ओरडली नाही.

"ही रोयणीची माती," ती म्हणाली. "तेणा देवीक दारवेच्या बाटलेत घातल्यान."

त्याला ते ठाऊक होतं की नुसती चांगली माती म्हणून त्याने घेतली होती, हे मला आजही सांगता येणार नाही. चांगली तर ती होतीच. वाळवीने तोंडाने चाळलेली माती, तिच्यासारखी घर धरून ठेवणारी दुसरी कुठली असणार.

मांय देवळात जाऊन कौल लावून घ्यायचं ठरवून आली. आमच्याकडे गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि पाकळी उजवी पडली की होकार. मी म्हटलं, ठीक. पण गुरवाने अट सांगितली. "ज्याणा माती काडल्यान, तेणाच गाराणा घालूक व्हया. दुसऱ्यान घातलेला चलाचा नाय."

म्हणजे त्याला बोलावं लागणार होतं. सगळ्यांसमोर, तोंडाने. मी त्या रात्री देवीला म्हटलं की माती तुझी, कोळीणही ने, पण त्याला बोलता कर.

सोमवारी देवळात गर्दी नव्हती. तिठ्यावरचे चारपाच होते, दोन्ही बाकांवरचे, आणि देवळात तरी ते एकमेकांशेजारी उभे होते. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि त्याला पुढे बोलावलं. तो उभा राहिला. समईची वात चरचरली तेवढाच आवाज. मी एका हाताने दुसरं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी पिचली. बराच वेळ गेला. गुरव मान हलवून पाकळ्या काढायला पुढे सरकला, आणि तो बोलला.

"माका भायर कित्याक काडलात?"

गुरव थांबला. माझा नवरा देवीकडे बघत नव्हता, आमच्याकडेही नाही. खालच्या जमिनीकडे बघत होता.

"भितर बरा होता," तो म्हणाला. "थंडगार. आवाज नाय. कोणतरी वांगडा होता. मी येऊक नाय म्हणत होतंय. माका वडून काडल्यानी."

एवढंच. मातीबद्दल एक शब्द नाही. माझ्या बाजूच्या बाईने विचारलं, बरोबर कोण होता, त्या टिपरात तर तो एकटाच होता ना. मला एकाएकी ती बंद होणारी जनेलं आठवली. माझ्यामागे हळूच लागणारं दार. आम्ही सगळे वर्षभर समजत होतो की हा मातीला घाबरला आहे, आणि मी घरभर उजेड आणि वारा करत हिंडत होते. हा घाबरला नव्हता. याला परत जायचं होतं. वर्षभर ज्या आवाजाची मी वाट पाहिली तो आला, आणि मला वाटलं, नसता आला तर बरं झालं असतं.

गुरव जुना माणूस. त्याने स्वतःला सावरलं आणि गाऱ्हाणं पुढे आपणच पुरं केलं, की लेकराकडून चूक झाली, माती तुझी तुला परत करतो. उजवी पाकळी लगेच पडली. मग मांयने विचारायला लावलं की त्या जीवाचं काय करायचं. पाकळी पडेना. उजवीही नाही, डावीही नाही. ऊन देवळाच्या पायरीवरून उतरलं तरी पाकळ्या तशाच. गुरव म्हणाला, देवी गप्प आहे.

"मातयेवांगडा तीय रोयणीत सोडया," मांय म्हणाली.

"नाय," मी म्हटलं. देवळात सासूपुढे मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "देवीन माती मागली, ती दिवया. कोळीण तिणा मागूक नाय." मला काय दिसत होतं ते मी सांगितलं नाही. मला दिसत होतं की ती रोयणीत गेली की हा रोज रोयणीशी बसेल, मग एक दिवस डंपाच्या वाटेला लागेल. सध्या निदान ती ज्या मातीत होती ती माझ्या घरात होती. मांयने माझ्याकडे निरखून बघितलं. तिलाही ते दिसलं असणार, ती त्याची आई होती.

माती आम्ही परत केली. त्याने कोळिणीला मडक्यात घेतलं, आणि गाराफांव उपडा केला तेव्हा तिच्या घराचं रेशमी अस्तर अखंड बाहेर आलं, पायमोज्यासारखं. ते त्याने हातात धरून ठेवलं. मांयने रोयणीच्या कप्प्यात माती लिंपली आणि वर दूध घातलं.

आता नवी माती हवी होती, आणि तो काहीच करेना. मडक्यापुढे बसून राहिला. शेवटी मीच खोरं घेतलं. जिथून ती आली ती परसाकडची दरड तेव्हा वाळली होती. तिथलीच माती खणली, ज्या चाळणीवर माझा हक्क होता तिनेच चाळली, पाणी शिंपडलं आणि गाराफांवात थर थर दाबून भरायला लागले. मला येत नव्हतं. तो बघत होता. मी तिसरा थर टाकला तेव्हा त्याने माझं मनगट धरलं आणि माझी मूठ खाली दाबली, आणखी, आणखी, माती टणक होईपर्यंत. मग बोट घालून काचेला लागून सुरुवातीचं भोक करून दिलं. वर्षभरात तो मला शिवला तो असा.

ती आत गेली. दिवाळीच्या सुमाराला तिने तोंड बंद केलं. रेशीम आणि माती कालवून भोकावर झाकण केलं, आणि काचेच्या बाजूलाही आतून पडदा ओढला. आता काहीच दिसत नव्हतं. टाकलेला टोळ वर हिंडत राहायचा, मी तो काढून घ्यायची. तो त्या खोलीतून हलेना. बोलणंही थांबलं. तो तिच्या बाहेर येण्याची वाट बघतोय की तिच्या आत बोलावण्याची, हे मला कळेना, आणि भात काढायला गेले की मी त्याच्या पाठीकडे बघायचं टाळायची. कधी कधी तो इतका स्थिर असायचा की मी त्याचा श्वास ऐकू येईपर्यंत दारात उभी राहायची.

मांय म्हणायची, "मेली असतली. काडयेन बघ." माझा भाऊ पेडण्याहून आला होता, तोही म्हणाला की खणून बघून टाका, एकदाचा सोक्षमोक्ष. मी दोघांना खोलीबाहेर काढलं. काय होणार ते मला ठाऊक नव्हतं. ती मेलेली निघाली तर हा त्यातून काय उचलेल, तेही नाही. पण एवढं मला देवळात कळलं होतं की आता या घरात कोणालाही ओढून बाहेर काढायचं नाही. मी एका बाजूची माती ओली ठेवत गेले. झाकणातलं पाणी बदलत गेले. खोलीचं दार त्याने लावलं की मी ते उघडत नव्हते.

काजूचा मोसम लागला. मांय बागायतीत होती आणि मी चुलीवरून पेज उतरवत होते, तेव्हा कोणीतरी हाक मारली.

"गो."

मला वाटलं, शेजारचा कोणी आला. मी पदराला हात पुसत पुढच्या दारी गेले. तिथे कोणी नव्हतं.

"गो, हय ये."

मी काळोख्या खोलीत गेले. भोकाचं झाकण उघडलेलं होतं. ती तोंडाशी बसली होती, आधीपेक्षा मोठी, काळीभोर, ओली असल्यासारखी. आणि तिच्या बाजूला दुसरी ती होती. तेच पाय, तेच केस, तेच दात, फक्त पाठीवर उघडलेली आणि आत कोणी नाही. त्याने काडीने ती रिकामी कात उचलून माझ्या तळहातावर ठेवली. तिला वजनच नव्हतं. ती अजून माझ्या आल्मारात आहे, एका डब्यात, कापसावर. तो गेल्यावरही मी ती टाकलेली नाही. अधूनमधून डबा उघडते, आणि दर वेळी क्षणभर वाटतं की ती आता पाय हलवेल.

"कोणी काडूक नाय," तो म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता, माझ्या पलीकडे नाही. "आपणच भायर इली."

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "भूक लागली आसतली तिका. टोळ घालू?"

"आता नको. दात अजून मऊ आसतले. थोडे दिवस रवांदे." मग त्याने विचारलं, "तू जेवलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो गुडघ्यावर हात टेकून उठला आणि माझ्यामागून स्वयंपाकघरात आला. पेज निवली होती, आम्ही ती तशीच खाल्ली. त्या खोलीचं दार मागे उघडंच होतं. ते त्याने लावलं नाही, आणि मीही नाही.